आरशापुढील श्वान

चेन्नईत मैलापूर येथे एका गृहस्थांकडे उतरलो असता त्यांचा कुत्रा आरशातील प्रतिबिंबावर भुंकताना पाहिला. तिसऱ्या दिवशी तो तिकडे ढुंकूनही पाहीना. मुले हसली, "याला स्वतःची ओळखच नाही!"

१९७० साली गॅलप या शास्त्रज्ञाने चिंपांझींच्या भुवईवर रंग लावून पुढे आरसा ठेवला, तेव्हा त्यांचा हात स्वतःच्याच भुवईकडे गेला. कुत्रा या कसोटीस उतरत नाही. परंतु त्याचे जग मुख्यतः नाकाचे. स्वतःचा गंध तो परक्या गंधाहून निराळा जाणतो, असे पुढील प्रयोगांत आढळले. कसोटीच आपल्या नेत्रांची होती!

भगवंतांनी समदर्शन सांगताना श्वानाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, आणि सर्व क्षेत्रांतील क्षेत्रज्ञ आपणच असल्याचे तेराव्या अध्यायात म्हटले आहे. याच मैलापुरात जगदंबेने मयूरदेहाने कपालीश्वराची आराधना केली, अशी स्थलकथा आहे. आम्ही मात्र आरशात पिकला केस दिसताच 'मी म्हातारा झालो' म्हणून कासावीस होतो! क्षेत्रालाच क्षेत्रज्ञ मानणाऱ्यांनी त्या मुक्या जीवास कोणत्या तोंडाने हसावे?

निघताना तो माझ्या वहाणा हुंगून दाराशी पोचवावयास आला. मी जाता जाता आरशात टोपी नीट केली.