थांबवण्याचा अधिकार

दक्षिण कोरियातील गुमी येथे सॅमसंगच्या कारखान्यात मार्च १९९५ मध्ये एक होळी पेटली. सदोष निघालेले दूरध्वनी व इतर यंत्रे, सुमारे दीड लाख नग, आवारात रचण्यात आले. दोनएक हजार कामगारांच्या देखत त्यांवर हातोडे पडले आणि मग त्यांना अग्नी देण्यात आला. आपल्या हातांनी घडवलेल्या वस्तू जळताना पाहून कित्येकांना रडू आवरले नाही, असे सांगतात. जून १९९३ मध्ये फ्रँकफर्ट येथे अध्यक्ष ली कुन-ही यांनी अधिकाऱ्यांना बजावले होते की, बायकामुले सोडून बाकी सारे बदला. 'स्वस्त आणि बेताचा' ही आपल्या मालाची ओळख त्यांना जगाच्या बाजारातून पुसायची होती. ती पुसली गेली, हे आज कोणीही मान्य करील.

या होळीविषयी आमचे मत सहजी बनत नाही. काटा मारणाऱ्यांच्या या जगात खोटा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात न बांधता स्वतः तोटा सोसणे, हा प्रामाणिकपणाच होय. पण दोष कोणाचा होता? वर्षानुवर्षे 'नग वाढवा' असा हुकूम वरूनच सुटत होता. शरमेने मान खाली घालायची पाळी मात्र कामगारावर आली.

त्या होळीपेक्षा त्याच सुधारणांतील एक नियम आम्हांला मोलाचा वाटतो. दोष दिसताच साध्या कामगारानेही चालते काम थांबवावे, दोष दूर झाल्यावरच ते पुन्हा सुरू व्हावे, असा तो नियम. सर्वांत खालच्या माणसाच्या शब्दावर सारा कारखाना थांबतो, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु दोष वस्तूत न दिसता कामगाराच्या देहात दिसू लागला तर? गिहुंग येथील चिपच्या कारखान्यात २००३ साली एक मुलगी कामाला लागली. रसायनांत चकत्या बुडवण्याचे तिचे काम. तिला रक्ताचा कर्करोग झाला. तिच्या जोडीला काम करणारीलाही तोच झाला व ती आधी गेली. मार्च २००७ मध्ये रुग्णालयातून घरी परतताना, वडिलांच्या टॅक्सीतच, बावीस वर्षांच्या या मुलीने प्राण सोडला. तिच्यासाठी काम थांबवण्याचा नियम नव्हता.

देशासाठी झीज सोसणे कोरियन माणसाला नवे नाही. आर्थिक संकटात १९९८ साली लोकांनी घरचे सोने देशाला दिले. कार्डिनल किम सू-ह्वान यांनी आपला सुवर्णक्रूस दिला. तो त्याग जाणून केलेला होता. त्या मुलीला आपण काय देत आहोत, हे कोणी सांगितले होते?

टॅक्सीचालक बाप अकरा वर्षे झगडला. हा आजार कामामुळेच जडला, असे न्यायालयाने २०११ साली मानले. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर क्षमा मागितली. ही क्षमायाचना पुरेशी नाही, तरी आपण ती स्वीकारतो, एवढेच तो बाप म्हणाला.