गुणांक आणि वाचनाची जबाबदारी

संशोधनाची कार्यक्षमता मोजता येते काय, हा प्रश्न आपल्या विद्यापीठीय वर्तुळात बहुधा तक्रारीच्या सुरात विचारला जातो. तात्त्विक प्रश्न म्हणून तो क्वचितच मांडला जातो. कार्यक्षमता ही मुळात गुणोत्तराची संकल्पना आहे. अंशस्थानी निष्पत्ती असते. छेदस्थानी काळ, श्रम आणि पैसा. हे गुणोत्तर अर्थपूर्ण ठरायचे तर निष्पत्तीची एकके सजातीय असावी लागतात आणि मोजणीच्या क्षणी त्यांचे मूल्य निश्चित झालेले असावे लागते. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांतील संशोधन या दोन अटी कितपत पुऱ्या करते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाचा तक्ता लागू केला. त्यात आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाला ५०, राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला २५ आणि स्थानिक प्रकाशकाच्या ग्रंथाला १५ गुण होते. २०१८च्या विनियमांनी तो तक्ता बदलला. नव्या तक्त्यात भाषा व मानव्यविद्यांतील मान्य नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला १० गुण आहेत, तर संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाला ८. दोन्ही तक्त्यांत ग्रंथाचे मूल्य त्याच्या आशयावरून ठरत नाही. तो कोठून निघाला आणि कोणत्या प्रकारात मोडतो, यावरून ठरते. मराठी वाचकासाठी मराठीत लिहिणाऱ्याला ‘राष्ट्रीय’ आणि ‘स्थानिक’ यांतील हा भेद केवळ प्रशासकीय वाटणार नाही. आपला वाचक कोण असावा, याचा निर्णय त्यात आधीच होऊन गेलेला असतो.

शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे उदाहरण घेऊ. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद करणारा तिचा पहिला भाग १९४३ साली निघाला, तर १९५० पर्यंत येणारा दुसरा १९६१ साली. या सूचीत सिद्धांत नाही, प्रमेय नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयावर काम करणाऱ्याला तिच्यावाचून पाऊल टाकणे कठीण जाते. अशा ग्रंथाचे मूल्य पुढच्या संशोधकांच्या कामात विरघळून जाते आणि विरघळलेले मूल्य तक्त्याच्या रकान्यात परत गोळा करता येत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीबाबत कालावधीचा प्रश्न उभा राहतो. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पूर्ण झाले. वि. सी. सुखटणकरांनी १९२५ साली प्रमुख संपादकपद स्वीकारले आणि आदिपर्व पूर्ण व्हायला १९३३ साल उजाडले. पाठचिकित्सेची जी शिस्त त्यांना आधी बसवावी लागली, तिला वार्षिक अहवालात कोणती निष्पत्ती म्हणावे? पहिली काही वर्षे त्या कामाची कार्यक्षमता जवळजवळ शून्य भरली असती.

मोठ्या प्रकल्पांची उदाहरणे देऊन सामान्य अध्यापकाचा प्रश्न सुटत नाही, हे खरेच. म्हणून छेदाकडेही पाहावयास हवे. अंधेरीतील एखाद्या महाविद्यालयात मराठी शिकवणारा सहायक प्राध्यापक डोळ्यांसमोर आणावा. विनियमांप्रमाणे आठवड्याला १६ तास अध्यापन, त्याखेरीज परीक्षा आणि समित्या. उरलेल्या एखाद्या दिवशी तो लोकलने दादरला उतरून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या नियतकालिकांचे अंक चाळतो आणि संध्याकाळी एका लेखाची तारीख निश्चित करून परततो. कधी तेवढीही हाती लागत नाही. तो शोध वांझ ठरला, एवढेच कळते. ज्ञानव्यवहारात हे कळणेही ज्ञानच असते. तक्त्यात मात्र तो दिवस खर्चाच्या बाजूलाच पडतो.

एवढ्यावरून मोजणीच अन्याय्य आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. गुणांकापूर्वीची व्यवस्था कशी होती, हे आपण सोयीने विसरतो. ज्येष्ठता, ओळखी, गट आणि बंद खोलीत उच्चारलेले एखादे वाक्य यांवर अनेकांची आयुष्ये ठरत. ज्याच्या मागे कुणी नव्हते, घरातून जो पहिल्यांदाच विद्यापीठात पोचला होता, त्याला निदान आकडा तरी दाखवता येऊ लागला. ‘माझे काम मोजता येण्यापलीकडचे आहे’ हे वाक्य सुखटणकरांच्या कामाला शोभते. वर्षानुवर्षे काहीच न लिहिणारा अध्यापकही तेच वाक्य ढालीसारखे पुढे करतो. वेतन सार्वजनिक पैशातून मिळत असेल, तर हिशेब मागण्याचा समाजाचा अधिकार नाकारता येत नाही.

तेव्हा प्रश्न हिशेब द्यावा की नाही हा नसून कोणत्या रूपात द्यावा हा आहे. आकड्याचे खरे आकर्षण त्याच्या अचूकतेत नाही. तो समितीला वाचण्याच्या कष्टातून आणि वाचून मत देण्याच्या जबाबदारीतून मोकळे करतो, यात ते आहे. मान्य नियतकालिकांच्या याद्यांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. आयोगाने मे २०१८मध्ये आपल्या यादीतून ४३०५ नियतकालिके वगळली, पुढे ‘केअर’ यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही थांबवली. जो निर्णय लेख वाचून करावयाचा, तो नियतकालिकाच्या नावावरून करण्याचे हे प्रयत्न होते.

ब्रिटनमध्ये १९८६पासून संशोधनाचे राष्ट्रीय मूल्यमापन होते. त्याचे दोष पुष्कळ आहेत. पण २०१४च्या फेरीत प्रत्येक संशोधकाची जास्तीत जास्त चारच प्रकाशने विचारात घेतली गेली आणि मानव्यविद्यांच्या समित्यांनी अवतरणसंख्येचा आधार घेतला नाही. आपल्याकडेही अध्यापकाने पाच वर्षांतील आपली दोन कामे निवडावीत, दोन जाणकारांनी ती वाचून सकारण मत लिहावे, त्याखाली सही करावी आणि अध्यापकाला त्याचे उत्तर देता यावे. निराधार अध्यापकाला संरक्षण हवे असते ते मनमानीपासून. ते आकड्याने अंशतः मिळते. लिहून दिलेल्या आणि खोडून काढता येणाऱ्या कारणांनी अधिक मिळते.

ही पद्धत वेळखाऊ आहे, असा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. मात्र संशोधनाच्या खर्चात ते लिहिण्याचा वेळ धरावयाचा आणि वाचण्याचा धरावयाचा नाही, हा हिशेब अपुरा आहे. सहकाऱ्याचे पुस्तक न वाचता त्याला गुण देणारी समिती त्याच्यावर तर अन्याय करतेच. ज्या विद्येच्या नावाने ती बसलेली असते, तिचाही व्यवहार ती थांबवते.