आधी विचारावं, मग द्यावं

मागच्या गुरुवारी आम्ही बेळगावच्या सेवेकरी भगिनी एका दवाखान्यातल्या नर्सताईंसाठी अश्वगंधा चूर्णाच्या पुड्या घेऊन गेलो. रात्रपाळी करून त्यांचे डोळे सुजलेले. वाटलं, केवढं पुण्याचं काम!

एका ताईने पुडी हातात घेऊन विचारलं, "काकू, माझी थायरॉईडची गोळी चालू आहे. हे चालेल ना?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग वैद्यांना विचारलं, तेव्हा कळलं. अश्वगंधेने थायरॉईडचं प्रमाण वाढू शकतं, झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर गुंगी वाढू शकते आणि गरोदरपणात ती टाळायचीच. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोकच, असं आपण धरून चालतो.

मग मनात आलं, ही सेवा त्यांची की आपल्या समाधानाची? औषधी खोटी नाही. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांना आयुर्वेदात मान आहेच. पण ज्याची झोपच पुरी होत नाही, त्याला नुसती पुडी देणं म्हणजे डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून पाय चेपणं.

म्हणून आम्ही ठरवलंय, औषधाचं वैद्य-डॉक्टरांनी बघावं. आपण गरम पोळी-भाजीचा डबा न्यावा. पेशंटला भेटायला गेलो तर वेळ पाळावी, गर्दी करू नये, नर्सताईंवर आवाज चढवू नये. त्यांचा निम्मा ताण आपल्यासारख्यांमुळेच असेल, तर तो उतरवायला चूर्ण कशाला हवं?

आपल्या घरात कुणी दवाखान्यात नोकरीला असेल, तर आज एवढंच विचारा, "जेवलीस का? झोप झाली का?"

जय गुरुदेव!