थकवा आणि आळस



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर उभे होतो. समोरून आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी नवऱ्याच्या आधाराने येत होती. तीन महिने ती मिस्साला दिसली नव्हती. मात्र आदल्या रविवारी एका लग्नात आम्ही तिला पाहिले होते, छान साडी नेसलेली, हसतमुख. आम्ही चेष्टेने म्हणालो, ‘‘काय बाय, लग्नासाठी ताकद येते, देवळासाठी येत नाही?’’ ती काही बोलली नाही. नवऱ्याने रिक्षा थांबवली आणि ती दोघे गेली. त्या लग्नानंतर पाच दिवस ती अंथरुणावरून उठली नव्हती, हे आम्हांला नंतर तिच्या सासूबाईंकडून कळले. (हे तिला विचारूनच लिहीत आहोत.)

तिला क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा आजार आहे. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, थोडक्यात एम.ई., असेही त्याला म्हणतात. कोविडनंतर ज्यांचा थकवा महिनोन्‌महिने गेला नाही, अशांपैकी काहींची लक्षणे हीच आहेत. आपला थकवा रात्रीच्या झोपेने जातो, हा जात नाही. याची खरी खूण मात्र वेगळीच आहे. केलेल्या श्रमाची वसुली बऱ्याचदा उशिरा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी होते. आणि श्रम म्हणजे काही विहिरीचे पाणी ओढणे नव्हे. अर्धा तास फोनवर बोलणे, पाहुण्यांत बसून राहणे, दुधाचा हिशेब करणे, हेही श्रमच. २०१५ साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निदानासाठी ही खूण आवश्यक मानली. रक्त तपासून हा आजार सांगता येईल अशी चाचणी अजून नाही. नेहमीचे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि आपण मोकळे होतो: हिला काही झालेले नाही!

शहाण्यांचीही अशी चूक झाली आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात १९५५ साली दोनशेहून अधिक कर्मचारी अशाच आजाराने पडले. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून हा सामूहिक हिस्टेरिया असल्याचे लिहिले. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असे, की आजारी पडलेल्यांत बायका अधिक होत्या. पुढे हळूहळू व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला रूढ झाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने तो २०२१ साली मागे घेतला. तोवर कित्येकांनी तो इमानेइतबारे पाळून दुखणे वाढवून घेतले होते.

आपण वसईकर वाडीत राबलेल्यांची मुले. पहाटेच्या गाडीने भाजी-फुले मुंबईला नेणारे आजी-आजोबा आपण पाहिले आहेत. दिवसा आडवे पडलेले माणूस आपल्याला खपत नाही. हे कुणी शिकवावे लागत नाही, ते अंगातच आहे. म्हणूनच या आजारात शरीराच्या दुखण्यावर आणखी एक ओझे चढते, ते संशयाचे.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनसांचे आळसावरील विवेचन शिकलो. परीक्षेत गुणही बरे मिळाले. त्यांच्या मते आळस म्हणजे जे खरोखर चांगले आहे, त्याविषयीच वाटणारी खिन्नता. त्याचे घर हातापायांत नाही, इच्छेत आहे. आळशी माणसाला करता येते, करायचे नसते. या भगिनीला करायचे असते, करता येत नाही. इच्छा होती म्हणून तर ती लग्नाला गेली आणि पाच दिवस भरून दिले. एवढा साधा फरक पुस्तकात कळला आणि देवळाच्या पायरीवर विसरला. आजाऱ्याला रविवारच्या मिस्साचे बंधन नाही, हेही आम्हीच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो.

कुणी विचारील, ‘‘फादर, मग उद्या कुणीही म्हणेल, मी थकलो.’’ म्हणेल. थकवा रक्त कमी झाल्याने येतो, थायरॉइडने येतो, टीबीने येतो, म्हणून आधी डॉक्टरकडे जायलाच हवे. पण सगळे तपासून झाल्यावरही प्रश्न उरतोच: दुसऱ्याच्या अंगातले आपल्याला दिसत नाही, मग कोणत्या बाजूने चुकावे? लबाडावर विश्वास ठेवला तर आपले एखादे काम अडेल. खऱ्या आजाऱ्यावर अविश्वास दाखवला तर तो आपल्याला दाखवण्यासाठी उठेल, आणि त्या उठण्यानेच अधिक आजारी पडेल. या दोन चुका एका तराजूत घालता येणार नाहीत.

थकून झुडपाखाली पडलेल्या एलियाला देवदूताने भाकर दिली, पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. उपदेश केला नाही. (पुढे एलिया चाळीस दिवस चालला. आमच्या भगिनीला ते जमणार नाही, तेव्हा दाखला तेवढाच घ्यावा.)

तिचा दिवस आता मोजून-मापून चालतो. भाजी बसून चिरायची, तीही दोन वेळा करून. आंघोळ केली त्या दिवशी स्वयंपाक नाही. थकल्यावर नव्हे, थकण्याआधी पडायचे, आणि सर्वांत कठीण म्हणजे बरे वाटेल त्या दिवशी जास्त करायचे नाही. सासूबाई पूर्वी कुरकुरत. आता दारावरची बेल त्यांनीच काढून टाकली आहे.

पहिल्या शुक्रवारी आम्ही तिच्याकडे कम्युनियन घेऊन जातो, दहा मिनिटांसाठी. मागच्या महिन्यात बोलण्याच्या भरात वेळ झाल्याचे आमच्या लक्षात आले नाही. ती हसून म्हणाली, ‘‘फादर, आता पुरे. उद्या शाळेत कार्यक्रम आहे, मुलीची वेणी मला घालायची आहे.’’ आम्ही उठलो.