मिश्रकुलीनांचें मंडळ

ज्याचे आईबाप दोन निरनिराळ्या जातींचे, धर्मांचे किंवा वंशांचे आहेत, त्याला आपल्यासारख्यांचा एक निराळा मेळा जमवावासा वाटणें स्वाभाविक आहे. परंतु तो जमविणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. ज्या दोन भिंतींमुळें आपणांस दोन्ही घरांच्या उंबरठ्याबाहेर राहावें लागलें, त्यांच्याच नमुन्यावर आपण तिसरी भिंत उभारीत नाहीं ना, अशी शंका विचारी मनास आल्यावांचून राहत नाहीं.

ही शंका आम्हांस केवळ ग्रंथांतून सुचलेली नाहीं. आम्ही ज्या कुपवाडांत राहतों, तेथें औद्योगिक वसाहतीमुळें ठिकठिकाणचे कामगार आले. पुढें १९९८ सालीं सांगली व मिरज यांच्याशीं मिळून त्याची एक महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या आश्रयानें संसार थाटणाऱ्या कांहीं जोडप्यांनीं जातगोत पाहिलें नाहीं, आणि त्यांचीं मुलें आतां महाविद्यालयांत येऊं लागलीं आहेत. अशा कांहीं विद्यार्थ्यांनीं एक मंडळ काढिलें व त्याची देखरेख आमच्याकडे सोंपविली. ‘आडनांव समजलें, पण आई कुणांतली?’ ह्या प्रश्नास उत्तर देतां देतां तीं मुलें कंटाळून गेलीं होतीं. एकीला आजोळीं सणास बोलावीत, पण देवघरांत पाऊल टाकूं देत नसत. एकाच्या बहिणीचें लग्न कोणत्या वधूवरसूचक मंडळांत नोंदवावें, हें तिच्या वडिलांसच कळेना. हें सारें मोकळेपणीं बोलावयास आठवड्यांतून एक तास एखादी खोली मिळावी, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

मंडळ निघतांच पहिला वाद सभासदत्वाचा उपस्थित झाला. ज्याचे आईबाप भिन्न जातींचे असतील त्यासच प्रवेश द्यावा, असें बहुतेकांचें म्हणणें पडलें. पण मग केवळ पोटजात निराळी असेल तर? आईबाप एका जातीचे, पण आजी परधर्माची असेल तर? पहिल्या दोन सभा ह्याच काथ्याकुटांत गेल्या. वंशावळीच्या ज्या चौकशीला कंटाळून हीं मुलें एकत्र आलीं, तीच चौकशी आतां तीं एकमेकांची करूं लागलीं!

यांत त्यांचा विशेष दोष नाहीं. ही खोड फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत ब्राह्मण पिता व वैश्य माता यांच्या पुत्रास अंबष्ठ, ब्राह्मण पिता व शूद्र माता यांच्या पुत्रास निषाद, आणि शूद्र पिता व ब्राह्मण माता यांच्या पुत्रास चांडाळ म्हटलें आहे. मिश्रणानें चौकट मोडली नाहीं. चौकटीनेंच प्रत्येक मिश्रणास नांव देऊन नवा कप्पा पाडला. आधुनिक कायदाही यापासून सर्वस्वीं मुक्त नाहीं. आमच्या राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदांत अँग्लो-इंडियनाची व्याख्या आहे, ती पुरुषपरंपरेंतील युरोपीय पूर्वजावर आधारलेली आहे. अर्थात् केवळ आई युरोपीय असेल तर तेवढ्यानें तें मूल या व्याख्येंत बसत नाहीं. त्या समाजासाठीं लोकसभेंत असलेली नामनियुक्तीची तरतूद २०२० च्या जानेवारींत संपुष्टांत आली. व्याख्या मात्र राहिली आहे.

तर मग निराळीं मंडळें असूंच नयेत काय? असा निकाल घाईचा होईल. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठीं निरनिराळीं वसतिगृहें निघावीं म्हणून आश्रय दिला. आणि त्याच महाराजांनीं १९१९ सालीं आपल्या संस्थानांत आंतरजातीय विवाहास कायद्याची मान्यता दिली. कोल्हापुरांतील जैन बोर्डिंगांत राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास जें वसतिगृह काढिलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहूं व जेवूं लागलीं. जातवार वसतिगृहांनीं विद्येस पारख्या झालेल्यांना आधीं दार उघडून दिलें, पण त्यांतून निघालेला माणूस तेथेंच अडकून पडला नाहीं. निराळेपणाची परीक्षा आमच्या मतें येथेंच आहे. गरज म्हणून घेतलेला आडोसा निंद्य नव्हे. मात्र त्याचा अभिमान धरून पुढील पिढीस तेथेंच बसवून ठेवणें निंद्य होय.

यावर कोणी म्हणेल कीं, मग दार सर्वांस उघडें टाका म्हणजे झालें. आम्हांस तेंही पटत नाहीं. एखादी मुलगी आपल्या आजोळची हकीगत सांगत असतां केवळ कुतूहलानें जमलेले चार प्रेक्षक समोर असावेत, हा तिच्यावर अन्याय आहे. येथें सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ सालचा एक निर्णय आम्हांस मार्गदर्शक वाटतो. आंतरजातीय विवाहाच्या संततीस बापाचीच जात लागते असें ठामपणें धरूं नये. तें मूल कोणांत वाढलें व त्याला काय सोसावें लागलें, हेंही पाहावें, असें त्यांत म्हटलें आहे. मंडळाच्या दारांतही हाच प्रश्न विचारावा. आईबाप कोण, हें न पुसतां, तुझ्या वांट्यास काय आलें, एवढेंच पुसावें.

हें बोलणें सोपें, पण त्याची किंमत द्यावी लागते. एका विद्यार्थ्याचे आईबाप एकाच जातीचे. परंतु थोरल्या बहिणीनें परजातींत लग्न केल्यामुळें तिचें नांवही घरांत काढीत नाहींत, आणि हा तिला चोरून भेटतो. त्याला मंडळानें सभासद करून घेतलें, तेव्हां दोघांनीं राजीनामे दिले. त्यांपैकीं एक म्हणाला, “सर, जन्मभर आम्हांला सगळीकडे दार अडविलें. आमचें म्हणून एक दार झालें, तर तेंही आम्हींच सताड उघडावें काय?”

या प्रश्नांतील वेदना खोटी नाहीं, आणि तिला पुरें पडेल असें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. एवढेंच म्हणतां येईल कीं, अन्याय सोसल्यानें माणसास आसऱ्याचा हक्क मिळतो. दुसऱ्याचें कुळ तपासण्याचा हक्क मिळत नाहीं. त्या दोघांचीं नांवें मंडळाच्या वहींतून आम्हीं खोडूं दिलीं नाहींत. त्या वहींत जातीचा रकाना नाहीं, आणि आमची देखरेख आहे तोंवर तो घातला जाणार नाहीं.