गोळी गिळल्यानंतर

अमॉक्सिसिलिनची शेवटची गोळी आज सकाळी घेतली. 500 मिलिग्रॅमची. कोर्स संपला, पाकीट रिकामं झालं. पण संपलं ते माझ्यापुरतं. या औषधाचा अर्ध्याहून अधिक भाग शरीर वापरतच नाही. लघवीवाटे तो जसाच्या तसा बाहेर पडतो. साखळी ओढली की गटारात.

अमॉक्सिसिलिन तसं नाजूक, पाण्यात लवकर मोडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं प्रतिजैविक मात्र चिवट, गाळात दडून बसतं. हैदराबादजवळच्या पटानचेरूत सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी एका केंद्रात येई. तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी स्वीडिश संशोधकांनी तपासलं. 2007 साली त्यांनी आकडा छापला: लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन. गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही एवढं नसतं! अशा पाण्यात जे जंतू तगतात, ते त्या औषधाला पचवूनच तगतात.

या चिवट औषधाचं एक मर्म आहे. अंधारात ते टिकतं, उजेडात तुटतं. म्हणून असं सांडपाणी शुद्ध करायचं तर ते आधी अतिनील दिव्याच्या टाकीतून न्यायचं; तिथे औषधाचे बंध सुटू लागतात. तुटलं म्हणजे नाहीसं झालं असं मात्र नाही. तुकडे उरतात आणि काहींत जंतू मारण्याची धग शिल्लक असते. म्हणून पुढच्या टाकीत क्लोरेलासारखं शेवाळ सोडायचं. ते काही रेणू अंगाला चिकटवून घेतं, काही फोडतं आणि दिवसा ऑक्सिजन सोडून सोबतच्या जीवाणूंनाही कामाला लावतं. क्रम उलटा करून चालत नाही, कारण हिरव्या पाण्यात किरण वरच्या थरातच अडतात. गढूळ पाण्यातही तेच, म्हणून आधी पाणी निवळून घ्यावं लागतं.

एवढं करूनही भागत नाही. औषध प्यायलेलं ते शेवाळ पाण्यातून काढायचं कसं? पेशी इतक्या बारीक की लवकर तळाशी बसत नाहीत. आणि काढलं तरी टाकायचं कुठे? मला तर सगळी मेख इथेच वाटते. दिवा विकत मिळतो, शेवाळ फुकट वाढतं. ही हिरवी रबडी मात्र कुणालाच नको असते.

दुपारी गच्चीवरची टाकी धुवायला माणूस येणार आहे. कडेचं शेवाळ नीट खरवडून काढ, असं मी त्याला सांगणारच. पिण्याचं पाणी आहे ते.