वसाहत गमावण्याचा हिशेब

एक राष्ट्र दुसऱ्यावर राज्य करीत असतें तेव्हां त्याच्या समर्थनार्थ दोन कारणें पुढें करण्यांत येतात : एक प्रजेच्या कल्याणाचें, दुसरें स्वतःच्या पोटाचें. पहिलें सभेंत सांगावयाचें असतें. निर्णय बहुधा दुसऱ्यावर होतो. म्हणून हें दुसरें कारण कितपत टिकतें तें पाहिलें पाहिजे.

हॉलंडचें उदाहरण घेऊं. १८३० पासून जावा बेटावर डचांनीं सक्तीची लागवड सुरू केली. तेथील शेतकऱ्यांकडून कॉफी, ऊस व नीळ पिकवून घेतली, आणि त्या शिलकेंतून हॉलंडचें कर्ज फिटलें व रेल्वे बांधली गेली. पुढें ‘इंडीज गेलें कीं दैन्य आलें’ अशा अर्थाची म्हणच त्या देशांत रूढ झाली. ही भीति अगदींच निराधार नव्हती. अर्थशास्त्रज्ञ टिंबर्गेन व त्यांचे सहकारी यांच्या १९४५ च्या अंदाजाप्रमाणें १९३८ सालच्या डच राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारें सातवा हिस्सा या वसाहतीवर अवलंबून होता. १७ ऑगस्ट १९४५ रोजीं इंडोनेशियानें स्वातंत्र्य जाहीर केलें, तेव्हां डचांनीं लाखाहून अधिक सैनिक धाडले आणि १९४७ व १९४८ मध्यें दोन मोठ्या चढाया केल्या. अखेर २७ डिसेंबर १९४९ रोजीं त्यांना सार्वभौमत्व सोडावें लागलें. १९५७ मध्यें तेथील डच कंपन्याही गेल्या.

दैन्य मात्र आलें नाहीं. अमेरिकेची मार्शल मदत, सावरलेल्या जर्मनीशीं व्यापार आणि घरच्या उद्योगधंद्यांची वाढ यांच्या बळावर १९५० नंतरच्या दशकांत हॉलंड पूर्वीपेक्षां अधिक संपन्न झालें.

यावरून कोणी म्हणेल कीं, तें युद्ध म्हणजे केवळ हिशेबाची चूक होती. हें म्हणणें सोयीचें आहे, पण पुरेसें नाहीं. हिशेब बरोबर निघाला असता, हॉलंड खरोखरच दरिद्री झालें असतें, तर जावाच्या शेतकऱ्याला दास्यांत ठेवणें न्याय्य ठरलें असतें काय? त्या वहींत त्याचा रकानाच नव्हता. इतकेंच नव्हे, तर सत्तांतराच्या वेळीं वसाहत सरकारचें चार अब्ज गिल्डरांहून अधिक कर्ज नव्या राष्ट्राच्याच माथीं मारण्यांत आलें.

साम्राज्य तोट्याचें होतें असें सिद्ध करून त्याचा निषेध करणारे लोक नकळत एक धोका पत्करतात : उद्यां कोणी तें फायद्याचें होतें असें सिद्ध केलें, तर त्यांच्यापाशीं उत्तर उरत नाहीं. दुसऱ्याचें शेत परत केल्यावर आपलें घर चाललें, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु तें परत करण्याचें कर्तव्य त्या समाधानावर अवलंबून नव्हतें.